जिभेवरचा पांढरा चट्टा: तपासणी, लेझर आणि नंतरचे महिने

प्रत्यक्ष लेझरला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं लागली. त्याआधीचे दोन महिने आणि नंतरचा महिना कसा जाणार, याची मात्र मला काडीचीही कल्पना नव्हती. नेटवर शोधावं तर एकीकडे ‘ना टाका, ना रक्त, पाच मिनिटांत मोकळे’ अशा जाहिराती आणि दुसरीकडे पोटात गोळा येईल असे फोटो. मधलं काहीच नाही. म्हणून तारखा, खर्च, कागदपत्रं, जे जे आठवतंय ते लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, वर्ध्याला हायस्कुलात गणित शिकवते. तेव्हा इथली औषधांची नावं वाचून थेट मेडिकलमध्ये जाऊ नका.

२६ एप्रिल २०२४ ला वर्धा मतदारसंघाचं मतदान होतं. आम्हा शिक्षकांना ड्युटी लागतेच. साहित्य जमा करून घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली. पुढच्या दोन-तीन दिवसांत जेवताना जिभेची डावी कड चुरचुरायला लागली. ऊन, जागरण, वेळी-अवेळी खाणं. तोंड आलं असणार असं धरून बी-कॉम्प्लेक्स सुरू केली, रात्री झोपताना साजूक तूप लावलं. चुरचुर थांबली. पण एका सकाळी आरशासमोर जीभ बाहेर काढून मोबाइलचा टॉर्च मारला तर कडेला पांढरा चट्टा. रुमालाने पुसला, निघेना. बोटाला किंचित खरखरीत लागायचा. दुखत अजिबात नव्हता, आणि त्यामुळे मी निर्धास्त होते. असे चट्टे बहुतेक वेळा दुखतच नाहीत, म्हणून लोक वर्षानुवर्षं ते घेऊन फिरतात, हे पुढे ओपीडीत ऐकलं.

६ मेला आमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गॉजच्या तुकड्याने चट्टा घासून पाहिला. बुरशीचा थर असेल तर तो पुसला जातो. हा जागचा हलला नाही. मग त्यांनी त्याच बाजूच्या खालच्या दाढा पाहिल्या. एका दाढेतलं जुनं सिमेंट कडेने उडालं होतं आणि तिची धार जिभेला लागत होती. ती धार घासून गुळगुळीत केली, चट्ट्याशेजारी छोटी पट्टी धरून फोटो काढला (लांबी १२ मिलिमीटर) आणि म्हणाले, “घर्षणाने झाला असेल तर दोन आठवड्यांत विरायला लागेल. नाही विरला तर तुकडा काढून तपासायचा. त्याला पर्याय नाही.” फी ४०० रुपये.

‘तुकडा काढून’ हे शब्द घरी आल्यावर मोठे होत गेले. नवऱ्याच्या ओळखीतून आणखी एका चकचकीत दवाखान्यात गेलो. तिथे खुर्चीत बसल्या बसल्या उत्तर मिळालं, “आपल्याकडे लेझर आहे. उद्याच जाळून टाकू. बारा हजार.” मी विचारलं, बायोप्सी? “कशाला? मुळापासून जातंच की.” खरं सांगते, मोह झाला. एका दिवसात प्रकरण मिटणार, शाळा सुरू व्हायच्या आत मोकळी होणार. पण आधीच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: “जाळून टाकल्यावर तपासायचं काय?”

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा प्रश्न तेवढा लक्षात ठेवा. लेझरने चट्टा वाफ करून उडवता येतो, पण उडालेल्या वाफेचा रिपोर्ट निघत नाही. चट्ट्याच्या पेशी कोणत्या अवस्थेत होत्या, हे कधीच कळत नाही, आणि पुढे किती काळजी घ्यायची हे त्या अवस्थेवर ठरतं. लेझर चांगलंच आहे, मीही तेच करून घेतलं. पण आधी तुकडा, मग रिपोर्ट, मग लेझर.

२० मेला चट्टा तसाच होता. धार काढूनही विरला नाही म्हणजे नुसत्या घासण्याचा नाही, असं म्हणत डॉक्टरांनी नागपूरच्या एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. ही चिठ्ठी मागून घ्या. त्यावर चट्टा कधी दिसला, काय केलं, किती दिवस थांबलो हे लिहिलेलं असलं की तिथे पहिल्यापासून रामायण सांगावं लागत नाही. दंत महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो आणि पैसे कमी. माझ्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती: तोंडाच्या पेशी तपासणारा विभाग त्याच इमारतीत असतो.

२७ मेला गेले. नवतपा नुकताच सुरू झालेला, सकाळी आठलाच झळा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ते अशा खेपांना फार कामी येतं. नागपुरात धाकटे दीर राहतात, ते बसस्टँडवर घ्यायला आले. केसपेपर २० रुपये, त्यावर ‘ओरल मेडिसिन’ असा शिक्का, मग बाकावर रांग. त्याच दिवशी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल होता. मी वर्गशिक्षिका. एका हातात केसपेपर आणि दुसऱ्या हातात मोबाइलवर पोरांचे सीट नंबर, अशी बसले होते. शेजारचे एक काका म्हणाले, “मुलीचा का निकाल?” म्हटलं, एकेचाळीस मुलांचा.

आत एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती. तिचा पहिला प्रश्न, “काकू, खर्रा खाता का?” (खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण.) नाही. “तंबाखू? मिश्री? गुडाखू? नस? नुसती सुपारी?” नाही, नाही, नाही, नाही. तिने लिहून घेतलं आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. मग वरच्या मॅडम आल्या, त्यांनीही तेच विचारलं. सुरुवातीला राग आला. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास एक चतुर्थांश प्रौढांना धूर नसलेल्या तंबाखूची सवय आढळली होती, आणि विदर्भात तर पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा मिळणार नाही असा चौक शोधून दाखवावा. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, खर्ऱ्याला मात्र आमच्या जिल्ह्याने मोकळं रान दिलं आहे. तेव्हा त्यांनी चारदा विचारलं तर बिघडलं नाही. त्रास वेगळ्याच लोकांनी दिला. स्टाफरूममध्ये ‘लपून खात असतील’ अशी कुजबुज झाली, ती माझ्या कानावर आलीच. ज्यांना कसलंच व्यसन नाही त्यांनाही असा चट्टा होऊ शकतो, आणि अशांचा चट्टा डॉक्टर उलट जास्त गांभीर्याने घेतात. त्यात जिभेची कड ही जागाही जोखमीची मानली जाते. मॅडमनी केसपेपरवर लिहिलं: ल्युकोप्लाकिया. पांढरा चट्टा, जो पुसला जात नाही आणि ज्याला दुसऱ्या कोणत्या आजाराचं नाव देता येत नाही, तो ल्युकोप्लाकिया. सगळेच काही कॅन्सरकडे जात नाहीत, बहुतेक जातच नाहीत. पण कोणता जाईल हे नुसतं बघून सांगता येत नाही.

मग त्यांनी एका आंबट पाण्याने चूळ भरायला लावली आणि जिभेला टोल्युडिन ब्लू नावाचा निळा रंग लावला. पुन्हा चूळ. जिथे पेशींची गडबड असण्याची शक्यता जास्त, तिथे रंग धरून राहतो. बायोप्सीचा तुकडा नेमका कुठून घ्यायचा हे त्याने ठरवायला मदत होते. माझ्या चट्ट्याच्या मागच्या टोकाला थोडा रंग राहिला. जांभळं खाल्ल्यावर होते तशी जीभ घेऊन मी कॅन्टीनमध्ये चहा प्यायले.

रक्ताच्या तपासण्या त्याच दिवशी करून घेतल्या: हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठायची वेळ, कावीळ ब आणि एचआयव्ही. सगळे मिळून ५५० रुपये. हिमोग्लोबिन ९.६ निघालं. चट्ट्याच्या उपचाराआधी लोहाच्या गोळ्याच सुरू झाल्या.

बायोप्सी ३० मेला. सकाळी पोटभर खाऊन या असं सांगितलं होतं, ते ऐकाच. उपाशीपोटी भुलीचं इंजेक्शन घेऊन चक्कर आलेली एक मुलगी माझ्यासमोरच बाकावर आडवी झाली. जिभेत इंजेक्शन हे ऐकायला भयंकर वाटतं. टोचतं, पण दातांच्या इंजेक्शनइतकंच. मग गॉजने जिभेचा शेंडा धरून एकाने बाहेर ओढून ठेवला, दुसरीने ५ मिलिमीटर व्यासाचं गोल पातं असलेलं ‘पंच’ नावाचं हत्यार टेकवून फिरवलं. दुखलं नाही, ओढल्यासारखं वाटलं. काळ्या रेशमी धाग्याचे दोन टाके.

त्यानंतर जे झालं त्याची कोणी पूर्वकल्पना दिली नव्हती. माझ्या हातात एक छोटी प्लास्टिकची बाटली आणि एक फॉर्म देऊन सांगितलं, “काकू, तिसऱ्या मजल्यावर ओरल पॅथॉलॉजीत देऊन या.” लिफ्ट बंद होती. ओठ आणि अर्धी जीभ बधिर, तोंडात गॉज, आणि हातात स्वच्छ द्रवात तळाशी पडलेला माझ्याच जिभेचा तुकडा. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने फिकट गुलाबी. जिन्याच्या वळणावर थांबून मी तो उजेडात धरून पाहिला. किळस आली नाही, उलट उत्सुकता वाटली. मग बाटलीवरची चिकटपट्टी वाचली. नाव बरोबर, वय बरोबर, केसपेपरचा नंबर शेवटच्या आकड्यात चुकलेला. खाली येऊन तो दुरुस्त करून घेतला आणि मगच जमा केली. तुमच्या हातात बाटली आली किंवा नाही आली, तिच्यावरचं नाव आणि नंबर स्वतः वाचा. त्यात कोणाला वाईट वाटत नाही. बायोप्सी आणि तपासणी मिळून ७०० रुपये.

टाक्यांची टोकं आठवडाभर दाताला लागत राहिली. ४ जूनला लोकसभेचा निकाल, घरात टीव्हीसमोर आरडाओरडा, आणि मी तोंड मिटून ताक पीत बसलेली. ६ जूनला टाके काढले.

रिपोर्टची वाट पाहणं हा या सगळ्यातला सगळ्यात वाईट भाग. आठ-दहा दिवस लागतील असं सांगितलं होतं. दिवसा बरं असायचं. रात्री दहानंतर मोबाइल हातात आला की मी पुन्हा तेच फोटो पाहायची. शेवटी मुलीने, “आई, आता बस,” म्हणून रात्री फोन तिच्या खोलीत चार्जिंगला लावायला सुरुवात केली. या काळात घरच्यांनी ‘काही नसतं गं, उगाच काळजी करतेस’ म्हणण्याचा काहीच उपयोग होत नाही. त्यापेक्षा सासूबाई रोज संध्याकाळी माझ्याकडून मंडईचा हिशेब लिहून घ्यायच्या, ते बरं वाटायचं.

१० जूनला बोलावलं होतं म्हणून गेले, तर रिपोर्ट टाइप झालेला पण सही व्हायची होती, आणि सही करणारे सर परीक्षेच्या ड्युटीवर. त्या उन्हात दीड तास जाऊन हात हलवत परत. विभागाचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि ‘सहीसकट तयार आहे का’ असंच विचारून निघा. नुसतं ‘तयार आहे का’ विचारलं तर ‘हो’ म्हणतात. १२ तारखेला हातात पडला.

वरच्या थराची जाडी वाढलेली, आणि सौम्य डिस्प्लेशिया. मॅडमनी समोरच्या पानावर पेनने थर काढून समजावलं. पेशींची रचना तळाच्या भागात थोडी विस्कटली आहे, ती सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्यांनी मोजतात, कॅन्सर नाही. मी विचारलं, होईल का? त्या म्हणाल्या, “होणार नाही याची शक्यता जास्त. पण जागा जिभेची आहे, आणि तुम्हाला सोडायला कसलं व्यसनही नाही. तंबाखूवाल्याला मी म्हणते, आधी सोडा आणि थांबून पाहू, कधीकधी चट्टा आपणहून कमी होतो. तुमच्याकडे तो मार्ग नाही. काढून टाकू.” आणि लगेच पुढे, “काढल्यावर कधीच काही होणार नाही अशी हमी मात्र मी देणार नाही. पुन्हा येऊ शकतो. दाखवायला यावंच लागेल.” बारा हजारवाल्या दवाखान्यात मिळालेल्या ‘मुळापासून जातं’पेक्षा मला हे उत्तर पटलं.

साध्या चाकूने काढायचं की लेझरने, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. चाकूने काढलं तर कडा स्वच्छ राहतात, पेशी तपासणाऱ्याला सोपं जातं, खर्च कमी. पण जिभेला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे रक्त जास्त आणि टाके आलेच. लेझर कापता कापता बारीक रक्तवाहिन्या बंद करतं, बहुधा टाके लागत नाहीत, व्रण कमी आवळतो; पण कडेच्या पेशी भाजतात, म्हणून भोवतीची थोडी जास्त जागा घ्यावी लागते, आणि जखम भरायला वेळ लागतो. मला दिवसाचे पाच तास बोलायचं असतं. जीभ आवळायला नको म्हणून लेझर ठरवलं.

त्यांच्याकडे टेबलावर मावेल एवढं डायोड लेझर होतं, ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचं. त्याचा प्रकाश रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये चांगला शोषला जातो. तोंडातल्या अशा कामाला मोठ्या रुग्णालयांत वापरतात ते कार्बन डायऑक्साइड लेझर, १०,६०० नॅनोमीटरचं. ते पेशींतल्या पाण्यात शोषलं जातं आणि फार खोल जात नाही. ते १९६४ साली बेल लॅब्जमध्ये तयार केलं सी. कुमार पटेल यांनी, जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. ही माहिती मी शिकाऊ डॉक्टर मुलीला ऐकवली तेव्हा तिने मास्कमागून “हो का?” असं अगदी माझ्या मागच्या बाकावरच्या पोरांच्या सुरात म्हटलं.

१९ जून, बुधवार. संमतीपत्र मराठीत होतं. तीन मुद्दे होते: रक्तस्राव, जिभेच्या त्या भागाला बधिरपणा, चट्टा पुन्हा येणे. मी ते दोनदा वाचलं, नवऱ्याने साक्षीदार म्हणून सही केली. लेझरचे ३,५०० रुपये भरून पावती आणायला सांगितली. कानातलं, मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं, कारण धातूवरून प्रकाश उलटू शकतो. खोलीच्या दारावर लेझरची लाल पाटी, आणि आत असलेल्या प्रत्येकाला चष्मा, मलाही. हा चष्मा त्या त्या लेझरसाठी वेगळा असतो, साधा गॉगल चालत नाही. तुम्हाला चष्मा न देता कोणी लेझर सुरू करत असेल तर खुर्चीतून उठा.

भूल जिभेच्या मुळाशी दिली, डावी बाजू सगळी जड झाली. डॉक्टरांनी लेझरचं बारीक टोक आधी एका निळ्या कागदावर टेकवून चालू केलं, मग चट्ट्याच्या भोवती, कडेपासून थोडं अंतर सोडून, ठिपके ठिपके काढत हद्द आखली. पायाखालचं बटण दाबलं की यंत्र टिकटिकायचं. त्यानंतर ठिपके जोडत चट्टा चिमट्याने उचलून खालून सोडवत गेले. मध्येच थांबून टोकावर जमलेली काजळी ओल्या गॉजने पुसायचे. दुखलं मुळीच नाही. त्रास झाला तो वासाचा. जळक्या केसांचा वास, आणि तो आपल्याच तोंडातून येतोय हे माहीत असतं. सक्शनची नळी धूर ओढत असते, तरी येतो. मी नाकाने हळू श्वास घेत तेराचा पाढा म्हणत राहिले, एकदा सुलटा आणि एकदा उलटा. सतराच्या पाढ्यात असताना “झालं, काकू” ऐकू आलं. आरशात पाहिलं तर तपकिरी-काळसर खळगा, रक्ताचा थेंब नाही. काढलेल्या तुकड्याच्या पुढच्या टोकाला एक धागा बांधला, म्हणजे पॅथॉलॉजीवाल्यांना दिशा कळते. या वेळी बाटली त्यांचा शिपाई घेऊन गेला.

जाहिरातीत न लिहिलेला भाग इथून सुरू होतो. पहिले दोन दिवस इतके बरे गेले की मी तिसऱ्या दिवशी बाजारात जाऊन आले. त्या रात्रीपासून दुखायला लागलं, आणि पाचव्या दिवसापर्यंत वाढतच गेलं. गिळताना कळ कानापर्यंत जायची. काळा थर जाऊन जखमेवर पिवळट-पांढरा लेप आला. मला वाटलं पू झाला. रात्री नऊला शिकाऊ डॉक्टरला फोटो पाठवला, तिने लगेच कळवलं की हा पू नाही, जखम भरताना येणारा थर आहे, खरवडू नका. ताप, जिभेखाली सूज, किंवा स्वच्छ गॉज वीस मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त असेल तरच लगेच या. हे आधी माहीत असतं तर ती संध्याकाळ वाचली असती, म्हणून इथे लिहितेय: तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखणं वाढणं आणि पांढरा-पिवळा थर येणं हे लेझरनंतर अपेक्षित आहे.

मला पॅरासिटामॉल, जेवणाआधी बेन्झिडामिनच्या चुळा (त्याने तोंड थोडं बधिर होतं, तेवढ्यात जेवून घ्यायचं) आणि दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्झिडिनच्या चुळा दिल्या होत्या. ही चूळ आणि टूथपेस्ट यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, नाहीतर तिचा परिणाम कमी होतो. दातांवर तपकिरी डाग येतात आणि अन्नाची चव विचित्र लागते. दोन्ही नंतर जातं.

खाण्याचं म्हणाल तर दहीभात, ताकात कालवलेली ज्वारीची आंबील, दुधात भिजवलेली पोळी, गार केलेलं मुगाचं वरण, केळी. आमरस बिनधास्त घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. आंब्यातलं आम्ल त्या खळग्यात शिरलं. टोमॅटो, लिंबू, चिंच तर नकोच. फोडणीचा कढीपत्तासुद्धा टोचतो. तर्री पोह्यांकडे मी जुलै संपेपर्यंत बघितलं नाही. सगळं उजव्या बाजूने चावायचं आणि मोठ्या चमच्याऐवजी चहाचा चमचा वापरायचा, एवढ्याने बराच फरक पडतो.

१ जुलैला शाळा उघडली. जखम निम्मी भरली होती. पहिल्या आठवड्यात ‘ल’ आणि ‘ट’ जाड यायचे. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर जास्त लिहिलं आणि पोरांनाच उदाहरणं मोठ्याने वाचायला लावली, त्यांना ते आवडलं. मुख्याध्यापकांना लेखी दिलं होतं की दोन आठवडे परिपाठाची सूचना दुसऱ्या कोणाला द्यावी. डॉक्टरांकडून विश्रांतीचा दाखला प्रक्रियेच्याच दिवशी मागून घ्या, नंतर त्यासाठी वेगळी खेप पडते. जुलैच्या मध्यापर्यंत बोलणं पूर्ववत झालं. जिथे व्रण आहे तिथे अजून बोटाच्या टोकाएवढी जागा किंचित बधिर आहे. मुद्दाम लक्ष दिलं तरच जाणवते.

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिळाला, त्याचे ४०० रुपये. सौम्य डिस्प्लेशियाच, आधीच्यापेक्षा वाढीव काही नाही, कडा मोकळ्या, म्हणजे तुकड्याच्या कडेला बिघडलेल्या पेशी नाहीत. कडेला उष्णतेने पेशी भाजल्याची नोंद होती, ती वाचून मी दचकले, पण लेझरने काढलेल्या प्रत्येक तुकड्यात ती असते.

विम्याची कथा थोडक्यात. नवऱ्याच्या कंपनीची कौटुंबिक पॉलिसी आहे. केसपेपर, दोन्ही रिपोर्ट, शिक्का-सहीची बिलं, रद्द केलेला धनादेश, सगळं पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर: दंतोपचार, समाविष्ट नाही. आम्ही कळवलं की जीभ हा दात नव्हे. त्यांनी डॉक्टरांचं पत्र मागितलं, ते दिलं. मग उत्तर आलं: बाह्यरुग्ण विभागातले उपचार, समाविष्ट नाही. बिलाच्या माथ्यावर ‘डेंटल ओपीडी’ असं छापलेलं होतं, त्यावर सगळं अडलं. एकूण खर्च औषधं धरून सहा हजारांच्या आसपास होता, म्हणून आम्ही नाद सोडला. तुमचा खर्च मोठा असेल तर आधीच लेखी विचारा की ही प्रक्रिया त्यांच्या ‘डे केअर’ (त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांच्या) यादीत कोणत्या नावाने बसते, आणि प्रक्रियेची नोंद त्या नावाने, बायोप्सीच्या निदानासकट, डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं आहे, वर्षानंतर अंतर वाढवतील. ऑक्टोबरच्या तपासणीत काही नव्हतं. मधल्या काळात महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, मुलगी माझ्या जिभेच्या दोन्ही कडांचा फोटो काढते आणि तारखेच्या नावाने ठेवते. आठवणीपेक्षा फोटोवर डॉक्टरांचा विश्वास जास्त. त्या उडालेल्या सिमेंटच्या दाढेवर कॅप बसवून घेतली, त्याचे साडेतीन हजार वेगळे.

आणि दीर. रिपोर्ट आणायला गेलो त्या दिवशी ते माझ्याबरोबर आत आले होते. शिकाऊ डॉक्टर मुलीने त्यांचे दात पाहून विचारलं, “काका, तुम्ही बसता का जरा?” तोंड पूर्ण उघडायला लावून वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मोजलं: २७ मिलिमीटर. आपल्याच हाताची तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत, त्यांची दोन मुश्किलीने गेली. गाल आतून पांढुरके आणि कडक, खर्ऱ्यातल्या सुपारीने होतं ते. त्यांच्या नावाचा वेगळा केसपेपर निघाला. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर तिने त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला. “वहिनी, माझं काही विशेष नाही,” असं ते गाडीत बसल्यावर म्हणाले आणि पंचशील चौक येईपर्यंत कोणी काही बोललं नाही. त्यांचा खर्रा सुटला का, हे मला बरेच जण विचारतात. ते त्यांनाच विचारा, तिकडचं मी लिहिणार नाही.